ध्वजाविना जगज्जेता: बॅरी मॅकगिगनच्या कारकिर्दीतील निर्णयांचा अभ्यास

पार्श्वभूमी

क्लोनिस हे आयर्लंडच्या प्रजासत्ताकातील मोनॅहन काउंटीचे एक छोटे गाव. गावातून निघणारे कित्येक रस्ते थोड्याच अंतरावर सीमा ओलांडून उत्तर आयर्लंडच्या फर्मॅना काउंटीत शिरतात, आणि १९७० च्या दशकात त्यांतले बरेच रस्ते ब्रिटिश सैन्याने खड्डे पाडून किंवा काँक्रीटचे ठोकळे टाकून बंद केले होते. मुष्टियोद्धा बॅरी मॅकगिगनचा जन्म याच गावी २८ फेब्रुवारी १९६१ रोजी एका कॅथलिक कुटुंबात झाला. वडील पॅट हे व्यावसायिक गायक होते आणि १९६८ च्या युरोव्हिजन स्पर्धेत त्यांनी आयर्लंडचे प्रतिनिधित्व करून चौथा क्रमांक मिळवला होता. वडिलांचा आवाज या प्रकरणात पुढे एका मोक्याच्या क्षणी परत येतो.

मॅकगिगनचे पुढचे अनेक पेच एका भौगोलिक विसंगतीतून निर्माण झाले. अल्स्टर हा आयर्लंडचा जुना प्रांत नऊ काउंट्यांचा आहे. त्यांतल्या सहा ब्रिटनच्या अमलाखालील उत्तर आयर्लंडमध्ये आहेत, तर मोनॅहनसह तीन प्रजासत्ताकात. हौशी बॉक्सिंगचा कारभार मात्र आयर्लंडच्या फाळणीनंतरही संपूर्ण बेटासाठी एकच राहिला, त्यामुळे मोनॅहनचा मुलगा अल्स्टरच्या स्पर्धांत बेलफास्टच्या मुलांबरोबर खेळू शकत होता. या रचनेचा परिणाम असा झाला की १९७८ मध्ये एडमंटन येथील राष्ट्रकुल स्पर्धेत सतरा वर्षांच्या मॅकगिगनने उत्तर आयर्लंडकडून बँटमवेट गटाचे सुवर्णपदक जिंकले, आणि १९८० मध्ये मॉस्कोच्या ऑलिम्पिकमध्ये तोच मुलगा आयर्लंडच्या संघातून फेदरवेट गटात उतरला. मॉस्कोत त्याने टांझानियाच्या स्पर्धकाला हरवले आणि पुढच्या लढतीत झांबियाच्या विन्फ्रेड काबुंडाकडून तो हरला. दोन वर्षांत दोन संघांचे गणवेश अंगावर चढवताना हौशी खेळाडू म्हणून त्याला कोणी फारसे अडवले नाही, कारण तिथे पैसा नव्हता, आणि जिथे पैसा नसतो तिथे निष्ठेची चौकशीही जरा सौम्य असते. व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये ही सवलत मिळणार नव्हती.

प्रश्न

मॅकगिगनची पहिली व्यावसायिक लढत १० मे १९८१ रोजी डब्लिनच्या डॅलीमाउंट पार्क मैदानावर झाली आणि ती त्याने दुसऱ्याच फेरीत जिंकली. त्याच्या पाच दिवस आधी, ५ मे रोजी, आयरिश रिपब्लिकन आर्मीचा कैदी बॉबी सँड्स बेलफास्टजवळच्या मेझ तुरुंगात उपोषणामुळे मरण पावला होता. त्या उन्हाळ्यात आणखी नऊ कैदी उपोषणात गेले आणि उत्तर आयर्लंडमधील कॅथलिक व प्रोटेस्टंट वस्त्या एकमेकींपासून आणखी दुरावल्या. उत्तर आयर्लंडने ब्रिटनमध्ये राहावे की आयर्लंडच्या प्रजासत्ताकात जावे यावरून तीस वर्षे चाललेल्या संघर्षात एकूण साडेतीन हजारांहून अधिक माणसे मारली गेली. मॅकगिगनच्या कारकिर्दीची वर्षे त्या काळाच्या मध्यावर येतात.

व्यवस्थापक म्हणून त्याने बार्नी ईस्टवुड यांची निवड केली. ईस्टवुड हे बेलफास्टचे बुकमेकर, म्हणजे शर्यतींवर पैजा घेण्याचा परवानाधारक व्यवसाय करणारे गृहस्थ. कासल स्ट्रीटवर त्यांची व्यायामशाळा होती. डब्लिन वा लंडनऐवजी बेलफास्ट निवडणे म्हणजे प्रेक्षक म्हणून एक दुभंगलेले शहर निवडणे होते. तिकिटे खपायची तर फॉल्स रोडचा कॅथलिक आणि शँकिल रोडचा प्रोटेस्टंट, दोघांनीही एकाच सभागृहात शेजारीशेजारी बसायला तयार व्हायला हवे होते. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मॅकगिगनने आपल्याच गावातल्या सँड्रा या प्रोटेस्टंट मुलीशी लग्न केले, हा निर्णय अर्थातच तिकिटांसाठी नव्हता, परंतु त्याच्याकडे पाहण्याच्या लोकांच्या दृष्टीवर त्याचा परिणाम झाला.

खेळाच्या बाजूने अडचण अधिक रोकडी होती. जागतिक विजेतेपदाच्या आव्हानापर्यंत पोहोचण्याची रूढ पायरी म्हणजे आधी ब्रिटिश आणि मग युरोपीय विजेतेपद, आणि ब्रिटिश विजेतेपदासाठी लढण्यास ब्रिटिश नागरिकत्वाची अट होती. मॅकगिगन प्रजासत्ताकाचा नागरिक होता.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय होता ब्रिटिश पायरी गाळण्याचा. आयरिश नागरिक राहूनच युरोपीय विजेतेपदाची वाट पाहता आली असती, मात्र त्यात किती वर्षे जातील हे कोणाच्या हातात नव्हते, आणि फेदरवेट गटात, म्हणजे १२६ पौंडांच्या मर्यादेत, वाढत्या वयाचे शरीर फार काळ राहत नाही. दुसरा पर्याय अमेरिकेचा. बॉस्टन आणि न्यूयॉर्क येथील आयरिश वस्त्यांनी या मुलाला डोक्यावर घेतले असते, पण त्यासाठी घर, प्रशिक्षण आणि बेलफास्टचा प्रेक्षक या तिन्हींवर पाणी सोडावे लागले असते. तिसरा पर्याय ब्रिटिश नागरिकत्व घेण्याचा, जो व्यवहारात सर्वांत सोपा आणि सीमेवरच्या कॅथलिक गावात सर्वांत जोखमीचा होता.

मॅकगिगनने तिसरा पर्याय निवडला. राष्ट्रवादी वर्तुळांतून त्याच्यावर टीका झाली आणि तो फितूर ठरवला गेला. ही टीका त्याने अंगावर घेतली, पण त्याच वेळी त्याने एक असा निर्णय घेतला ज्याने टीकेची धार बरीचशी बोथट केली: रिंगमध्ये तो कोणत्याच देशाचा ध्वज घेऊन येणार नाही, आयरिश तिरंगाही नाही आणि युनियन जॅकही नाही. कॅथलिकांचा हिरवा आणि प्रोटेस्टंटांचा नारिंगी हे दोन्ही रंग त्याने टाळले, कारण त्या शहरात रंगसुद्धा बाजू घेतात. त्याऐवजी शांततेचे प्रतीक असलेले कबूतर आणि निळा ध्वज आला. पासपोर्ट ब्रिटिश, जन्म आयरिश, पत्नी प्रोटेस्टंट, स्वतः कॅथलिक आणि ध्वज कोणाचाच नाही, अशी ही मांडणी होती. तिचे वैशिष्ट्य असे की तिच्यात कोणतीही नवी घोषणा नव्हती. जे जे लोकांना खटकू शकेल ते ते काढून टाकत जाऊन उरलेल्या जागेत फक्त लढत ठेवलेली होती.

‘लढायचे काम मॅकगिगनवर सोडा’ असे वाक्य पुढे बेलफास्टमध्ये रूढ झाले. किंग्ज हॉल या सभागृहात दोन्ही समाजांचे लोक येऊ लागले. एका मुष्टियोद्ध्यामुळे संघर्ष थांबला असा दावा करणे भाबडेपणाचे ठरेल, पण लढतीच्या रात्री त्या सभागृहाच्या आत तो थांबत असे, एवढे म्हणता येते.

यंग अली: थांबावे की नाही

नागरिकत्वाच्या प्रश्नापेक्षा अवघड निर्णय मात्र लंडनमधील एका आलिशान हॉटेलात उभा राहिला. १४ जून १९८२ रोजी तिथे मॅकगिगनची लढत यंग अली या नावाने खेळणाऱ्या नायजेरियन मुष्टियोद्ध्याशी झाली. प्रेक्षक म्हणजे जेवणावळीला आलेले क्लबचे सभासद. सहाव्या फेरीत मॅकगिगनच्या ठोशाने अली खाली कोसळला, बेशुद्धावस्थेत गेला आणि काही महिन्यांनी, शुद्धीवर न येताच, मरण पावला. मॅकगिगन तेव्हा एकवीस वर्षांचा होता.

त्याने खेळ सोडून देण्याचा गंभीरपणे विचार केला. सोडण्याच्या बाजूने काय होते ते वेगळे सांगायला नको. चालू ठेवण्याच्या बाजूने असलेले युक्तिवाद, म्हणजे हे खेळाचे अंगभूत संकट आहे, दोघेही स्वेच्छेने रिंगमध्ये उतरले होते, घरी संसार आहे, हे सगळे खरे असूनही अशा वेळी पोकळ वाटतात. अखेर तो परतला. आपण जगज्जेता झालो तर ते पद अलीला अर्पण करायचे, म्हणजे त्याला हरवणारा कोणी साधासुधा माणूस नव्हता असे म्हणता येईल, अशी त्याची स्वतःशी बांधलेली समजूत होती, आणि तीन वर्षांनी त्याने ती जाहीरपणे पूर्ण केली. हे सांत्वन मृताच्या कुटुंबाला कितपत पुरले असेल याचा विचार वाचकाने स्वतः करावा. प्रस्तुत लेखकाला तो निर्णय समजतो, पण त्याच्याशी पूर्ण सहमत होणे जमत नाही.

या घटनेचा व्यावसायिक बॉक्सिंगच्या नियमांशीही संबंध आहे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लास वेगासच्या सीझर्स पॅलेस हॉटेलच्या उघड्या मैदानातील लढतीत दक्षिण कोरियाचा किम डुक-कू चौदाव्या फेरीत कोसळला आणि काही दिवसांनी दगावला. त्यानंतर जागतिक बॉक्सिंग परिषद या संघटनेने विजेतेपदाच्या लढती पंधरा फेऱ्यांवरून बारा फेऱ्यांवर आणल्या. जागतिक बॉक्सिंग संघटना (डब्ल्यूबीए) ही दुसरी संस्था मात्र तेव्हा पंधरा फेऱ्यांवर कायम राहिली. मॅकगिगनची वाट या दुसऱ्या संघटनेच्या विजेतेपदाकडे जात होती.

चढण

पुढची दोन वर्षे झपाट्याने गेली. एप्रिल १९८३ मध्ये बेलफास्टच्या अल्स्टर हॉलमध्ये व्हर्नन पेनप्रेसला दुसऱ्या फेरीत हरवून ब्रिटिश विजेतेपद मिळाले, आणि नोव्हेंबरमध्ये किंग्ज हॉलमध्ये इटलीच्या वालेरिओ नातीला सहाव्या फेरीत बाद करून युरोपीय. मॅकगिगनचे मुख्य शस्त्र म्हणजे डाव्या हाताचा बरगड्यांखाली बसणारा हुक. तो अंतर कापत पुढे येत राहायचा, प्रतिस्पर्ध्याला मागे दोरांकडे ढकलायचा आणि शरीरावर घाव घालून त्याचे पाय जड करायचा. अशा शैलीला अफाट दम लागतो, आणि दम हाच त्याचा सर्वांत भरवशाचा गुण मानला जात असे. ही गोष्ट पुढे लक्षात ठेवावी लागेल.

ईस्टवुड यांच्या व्यवस्थापनाचे कौशल्य प्रतिस्पर्ध्यांच्या क्रमात दिसते. फेब्रुवारी १९८५ मध्ये त्यांनी हुआन लापोर्तेला बेलफास्टला आणले. लापोर्ते हा माजी जगज्जेता, जबरदस्त ठोशाचा आणि ज्याच्या विजेतेपदावर मॅकगिगनचा डोळा होता त्या एउसेबिओ पेद्रोसाशी पूर्वी लढलेला. लापोर्तेकडून हरण्याचा धोका खरा होता, परंतु त्याचे ठोसे पचवता येतात हे सिद्ध झाल्याशिवाय पेद्रोसाला आव्हान देणे म्हणजे अंधारात उडी घेणे ठरले असते. दहा फेऱ्यांची ती लढत मॅकगिगनने गुणांवर जिंकली.

लॉफ्टस रोड, ८ जून १९८५

पनामाचा पेद्रोसा एप्रिल १९७८ पासून विजेता होता आणि त्याने आपले पद एकोणीस वेळा राखले होते. लढत लंडनमधील क्वीन्स पार्क रेंजर्स या फुटबॉल संघाच्या लॉफ्टस रोड मैदानावर ठरली, जिथे सुमारे सव्वीस हजार प्रेक्षक जमले आणि ब्रिटनमध्ये जवळपास दोन कोटी लोकांनी ती बीबीसीवर पाहिली.

जागतिक लढतीपूर्वी राष्ट्रगीत वाजवण्याचा प्रघात आहे. इथे कोणते वाजवायचे? ब्रिटिश राष्ट्रगीताने मैदानातील अर्धे लोक दुखावले असते, आयरिश राष्ट्रगीताने उरलेले अर्धे. काहीच न वाजवणे हा तिसरा पर्याय होता, पण मौन हेही त्या काळी कोणा एकाचे मानले गेले असते. निवडलेला मार्ग असा की पॅट मॅकगिगन स्वतः रिंगमध्ये उभे राहिले आणि त्यांनी ‘डॅनी बॉय’ गायले. या गाण्याची चाल उत्तरेकडची, अल्स्टरची, आणि दोन्ही समाज तिला आपली मानतात. मैदान त्यांच्याबरोबर गाऊ लागले. ध्वज टाळण्याच्या जुन्या निर्णयाचेच हे पुढचे पाऊल होते, फक्त या वेळी काढून टाकलेल्या वस्तूच्या जागी काहीतरी ठेवलेही गेले होते.

सातव्या फेरीत मॅकगिगनने पेद्रोसाला खाली पाडले. पंधरा फेऱ्यांनंतर तिन्ही पंचांनी मॅकगिगनच्या बाजूने स्पष्ट निकाल दिला. परतल्यावर बेलफास्ट आणि डब्लिन या दोन्ही शहरांत रस्ते माणसांनी भरून गेले, आणि वर्षअखेरीस बीबीसीच्या वर्षातील सर्वोत्तम क्रीडाव्यक्तीचा मानही त्याला मिळाला. हा मान त्याला देणाऱ्या ब्रिटिश प्रेक्षकांना आणि क्लोनिसच्या गावकऱ्यांना एकाच माणसाचा एकाच वेळी अभिमान वाटावा, हे त्या दशकात सहज घडणारे नव्हते.

लास वेगास, २३ जून १९८६

पद राखण्याच्या पहिल्या दोन लढती घरच्या होत्या: सप्टेंबर १९८५ मध्ये बेलफास्टला अपराजित अमेरिकन बर्नार्ड टेलर, जो आठव्या फेरीनंतर स्टुलावरून उठलाच नाही, आणि फेब्रुवारी १९८६ मध्ये डब्लिनला डॅनिलो काब्रेरा, ज्याला हरवायला चौदा फेऱ्या लागल्या. तिसरी लढत अमेरिकेत ठरली. अमेरिकन बाजारपेठेत नाव झाले की पुढच्या लढतींचे मानधन वेगळ्याच पातळीवर जाते, हा हिशेब चुकीचा नव्हता. जागा मात्र सीझर्स पॅलेसचे उघडे मैदान, जिथे चार वर्षांपूर्वी किम कोसळला होता, आणि महिना जूनचा. नेवाडाच्या वाळवंटात त्या दिवशी पारा चाळिशीच्या वर होता. उंच दमाच्या, सतत पुढे चालून जाणाऱ्या आणि थंड हवेच्या देशात वाढलेल्या खेळाडूला पंधरा फेऱ्यांसाठी निवडण्यासारखी ही जागा नव्हती.

त्यात प्रतिस्पर्धी बदलला. ठरलेला अर्जेंटिनाचा फर्नांडो सोसा दुखापतीमुळे बाहेर पडला आणि त्याच्या जागी टेक्ससच्या फोर्ट वर्थ शहराचा बावीस वर्षांचा स्टीव्ह क्रूझ आला, ज्याचे नाव प्रेक्षकांना फारसे माहीत नव्हते आणि जो नळजोडणीचे काम करत असे. कागदावर लढत सोपी झाली. प्रत्यक्षात, सगळा अभ्यास एका माणसाचा झाला होता आणि समोर दुसराच उभा राहणार होता, शिवाय हा दुसरा टेक्ससच्या उन्हात वाढलेला होता.

दहाव्या फेरीत मॅकगिगन खाली पडला. बाराव्या फेरीत कमरेखालच्या ठोशाबद्दल रिंगमधील पंच रिचर्ड स्टील यांनी त्याचा एक गुण कापला. पंधराव्या फेरीत पाय साफ गळालेले असताना तो दोनदा पडला आणि दोनदा उठला. निकाल क्रूझच्या बाजूने एकमताने लागला: १४३-१४२, १४२-१४१ आणि १४३-१३९. लढतीनंतर मॅकगिगनला शरीरातील पाण्याच्या तीव्र कमतरतेमुळे रुग्णालयात न्यावे लागले.

या आकड्यांपाशी जरा थांबायला हवे. दोन पंचांच्या पत्रकांवर अंतर एकेका गुणाचे आहे. बाराव्या फेरीत कापला गेलेला तो एक गुण कापला गेला नसता, तर ही दोन्ही पत्रके बरोबरीची झाली असती, लढत अनिर्णित ठरली असती आणि विजेतेपद मॅकगिगनकडेच राहिले असते. शेवटच्या फेरीत दोनऐवजी एकदाच पडला असता तरी बहुधा हेच झाले असते. म्हणजे इतक्या उन्हात, अनोळखी प्रतिस्पर्ध्यासमोर, दहाव्या फेरीपासून ढासळत जाऊनही तो बरोबरीपासून एका गुणावर होता. यातून दोन परस्परविरोधी निष्कर्ष निघतात. एक, जोखीम घेण्यासारखी होती. दोन, इतकी बारीक कड असताना एखादीही प्रतिकूल अट स्वीकारायला नको होती. प्रस्तुत लेखकाचा कल दुसऱ्याकडे आहे.

परिणाम

मॅकगिगन आणि ईस्टवुड वेगळे झाले. लास वेगासच्या लढतीपूर्वीच्या घडामोडींबद्दल दोघांचे म्हणणे जुळत नव्हते, वाद न्यायालयात गेला, आणि १९९२ मध्ये ईस्टवुड यांनी मानहानीचा दावा जिंकून साडेचार लाख पौंडांची भरपाई मिळवली. पॅट मॅकगिगन १९८७ मध्ये वारले. मुलगा १९८८ मध्ये नव्या व्यवस्थापनाखाली रिंगमध्ये परतला, तीन लढती जिंकला, आणि मे १९८९ मध्ये मँचेस्टरला जिम मॅकडॉनेलविरुद्ध चौथ्या फेरीत डोळ्यावरच्या जखमेमुळे लढत थांबवली गेली, तेव्हा त्याने खेळ सोडला. एकूण हिशेब ३२ विजय आणि ३ पराभव. ज्याने पद हिसकावले त्या क्रूझनेही ते पहिल्याच बचावात, मार्च १९८७ मध्ये, व्हेनेझुएलाच्या अंतोनिओ एस्पारागोसाकडे गमावले.

काय वेगळे करता आले असते

कोणी कोणाला काय सांगितले, या वादात न पडताही काही गोष्टी मांडता येतात. नागरिकत्व, ध्वज, रंग आणि गीत हे चारही प्रश्न लढत ठरण्याच्या बऱ्याच आधी विचारात घेतले गेले होते, कारण चुकल्यास काय होईल हे बेलफास्टमध्ये राहणाऱ्या कोणालाही ठाऊक होते. उष्णता, फेऱ्या आणि ऐनवेळचा बदल हे तीन प्रश्न मात्र एकेकटे पाहिले तर क्षुल्लक वाटणारे होते. त्यांची बेरीज कोणी आधी कागदावर मांडली असती, म्हणजे अमुक तापमानाच्या वर उघड्यावर खेळायचे नाही, प्रतिस्पर्धी बदलल्यास अमुक आठवड्यांची मुदत हवी, अशा अटी करारातच घातल्या असत्या, तर नकार देण्याचा बोजा ऐनवेळी कोणा एका माणसावर पडला नसता. त्या काळी इतक्या तपशिलाचे करार आव्हानवीरांना परवडत नसत, पण मॅकगिगन तेव्हा विजेता होता आणि अटी घालण्याची ताकद त्याच्या आयुष्यात त्याच वर्षी सर्वाधिक होती.

दुसरा मुद्दा व्यवस्थापक आणि खेळाडू यांच्या नात्याचा. एकाच माणसाने लढत ठरवायची, तिकिटे विकायची आणि खेळाडूची प्रकृती लढण्याजोगी आहे की नाही याबद्दलही मत द्यायचे, ही रचना माणसे कितीही सज्जन असली तरी तणाव निर्माण करते. मॅकगिगनला हे उमगले असावे, कारण निवृत्तीनंतर मुष्टियोद्ध्यांच्या हक्कांसाठी संघटना उभारण्यात त्याने पुढाकार घेतला.

तरीही पुढे तो स्वतः व्यवस्थापक आणि प्रवर्तक झाला. त्याचा खेळाडू कार्ल फ्रॅम्पटन, उत्तर बेलफास्टच्या प्रोटेस्टंट वस्तीतला मुलगा, सप्टेंबर २०१४ मध्ये बेलफास्टच्या टायटॅनिक क्वार्टरमध्ये जगज्जेता झाला, तेव्हा मॅकगिगन त्याच्या कोपऱ्यात होता. जुलै २०१६ मध्ये फ्रॅम्पटनने ब्रुकलिनला जे फेदरवेट विजेतेपद जिंकले ते त्याच संघटनेचे होते जे मॅकगिगनने पेद्रोसाकडून घेतले होते. २०१७ मध्ये दोघे वेगळे झाले, पैशांचा वाद बेलफास्टच्या उच्च न्यायालयात पोहोचला, आणि नोव्हेंबर २०२० मध्ये तो न्यायालयाबाहेर मिटवण्यात आला.